कमी ताकदीची निवड : ट्रायम्फ टीआर-५ ट्रॉफीचे प्रकरण

ट्रायम्फ कंपनीच्या १९४९ सालच्या यादीत रस्त्यावर चालवायच्या ५०० सीसीच्या तीन मोटारसायकली होत्या. स्पीड ट्विनचे इंजिन २७ अश्वशक्तीचे होते, टायगर १०० चे ३० अश्वशक्तीचे, आणि नव्याने दाखल झालेल्या टीआर-५ ट्रॉफीचे अवघ्या २५ अश्वशक्तीचे. तिघींचा पाया एकच होता : ६३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ८० मिलिमीटर स्ट्रोकची (पिस्टनच्या चालीची) दोन सिलिंडरे, मिळून ४९८ सीसी. म्हणजे कारखान्याने आपल्याच इंजिनाची ताकद जाणूनबुजून उतरवली, ते एका आखूड चासीत, म्हणजे सांगाड्यात, बसवले आणि ही गाडी स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी आहे असे सांगून विकायला काढली. वेगाच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हे उलटेच वाटेल. तरीही आडवाटेच्या ब्रिटिश गाडीचा नमुना म्हणून पुढे नाव झाले ते तिघींतल्या या सर्वांत सौम्य गाडीचे. तसे का झाले, आणि तोच नमुना पुढच्या पंधरा वर्षांत अपुरा का पडला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखे आहे.

परिस्थिती

कॉव्हेंट्री शहरातला ट्रायम्फचा जुना कारखाना नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला होता आणि १९४२ पासून कंपनीचे काम शहराबाहेरच्या मेरिडन या गावी उभारलेल्या नव्या कारखान्यात चालत होते. युद्ध संपले तरी ब्रिटनमधली टंचाई संपली नव्हती. पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत सुरू राहिले, आणि जे पेट्रोल मिळत होते ते सगळ्या कंपन्यांचे एकत्र केलेले, ‘पूल’ नावाचे, जेमतेम ७२ ऑक्टेनच्या आसपासचे, म्हणजे हलक्या प्रतीचे होते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातल्या मिश्रणावरचा दाब, वाढवलेले इंजिन अशा पेट्रोलवर ठोके मारू लागते, त्यामुळे ज्यादा ताकदीचा मार्ग निम्मा तिथेच बंद होता. शिवाय डॉलर मिळवून देणाऱ्या निर्यातीवर सरकारचा सारा भर असल्यामुळे, जी गाडी अमेरिकेत खपणार नाही तिच्यावर पोलाद आणि मजुरी खर्च करणे कारखान्याला परवडणारे नव्हते.

घरच्या गिऱ्हाइकाची अवस्था याहून वेगळी नव्हती. साध्या कामगाराकडे किंवा कारकुनाकडे असलीच तर एक मोटारसायकल असे, आणि सोमवार ते शनिवार कामावर नेणारी तीच गाडी रविवारी चिखलातल्या स्पर्धेत उतरत असे. गाडी ट्रेलरवर घालून स्पर्धेला न्यायची चैन कारखान्याच्या स्वारांनाही नेहमी मिळत नव्हती. ‘दुहेरी कामाची गाडी’ हा आज जाहिरातीचा शब्द झाला आहे, पण त्या काळी ती गरज होती, आणि ट्रॉफीचे आकर्षण समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

ट्रायम्फजवळ मोठे भांडवल एकच होते, ते म्हणजे एडवर्ड टर्नर यांनी आखलेले आणि १९३७ साली स्पीड ट्विनमधून बाहेर आलेले जुळे इंजिन. कंपनीचे सर्वेसर्वा असलेल्या टर्नर यांना कारखान्याने शर्यतींवर पैसा घालवणे पसंत नव्हते, हे त्यांच्याबद्दल सर्वत्र सांगितले जाते. परंतु सप्टेंबर १९४८ मध्ये इटलीतल्या सान रेमो येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी भरणार होती, आणि तिथे ट्रायम्फच्या संघाने उतरायचे ठरले होते.

१९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइल येथे सुरू झालेली ही चाचणी वेगाची शर्यत नव्हती. रोज ठरलेल्या वेळेत ठरलेले अंतर कापायचे, त्यात डोंगरातल्या दगडी वाटा, धुळीचे रस्ते आणि मधूनच चांगली सडकही यायची. रात्री गाड्या बंद आवारात ठेवल्या जात आणि तिथे त्यांना कोणी हात लावायचा नाही. गाडीचे मुख्य भाग खूण करून ठेवलेले असत, म्हणजे ते मधेच बदलता येत नसत. काही बिघडले तर स्वाराने स्वतःच, आपल्याजवळच्या पान्यांनी, स्पर्धेच्या वेळेतून वेळ काढून ते दुरुस्त करायचे. थोडक्यात, एका आठवड्यात गाडीची अनेक वर्षांची झीज करून पाहण्याचा तो प्रकार होता, आणि म्हणूनच तिथे मिळालेल्या सुवर्णपदकाला गिऱ्हाइकाच्या मनात वजन होते.

विमानातून उतरलेले सिलिंडर

सान रेमोसाठीच्या गाड्या बांधण्याचे काम मेरिडनच्या स्पर्धा विभागात हेन्री व्हेल यांच्याकडे होते. त्यांनी नवे इंजिन आखले नाही, कारण तशी वेळही नव्हती आणि परवानगीही मिळाली नसती. त्यांच्या हाताशी होते ते युद्धाच्या काळातले एक शिल्लक सामान. ब्रिटिश हवाई दलासाठी ट्रायम्फने विमानात वाहून नेता येईल असा वीज निर्माण करणारा जनित्रसंच तयार केला होता. त्याचे इंजिन स्पीड ट्विनवरच बेतलेले होते, मात्र विमानात प्रत्येक पौंडाला किंमत असल्यामुळे त्याचे सिलिंडर आणि हेड ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. जनित्र एका जागी उभे राहून चालणार असल्यामुळे त्याला समोरून वारा मिळत नाही. म्हणून पंखा बसवून, पत्र्याच्या कवचातून तो वारा सिलिंडरवर फिरवला जाई.

या इंजिनाचे छायाचित्र जवळून पाहिले तर हा सगळा इतिहास त्याच्या अंगावर दिसतो. नेहमीच्या ट्रायम्फचे सिलिंडर गोलसर, तर इथे थंड करणाऱ्या पात्यांची कड चौकोनी, एखाद्या डब्यासारखी. त्या पात्यांच्या मधोमध बाजूला धातूची जाड बोंडे उठून आलेली दिसतात. मोटारसायकलवर त्यांचा काहीही उपयोग नाही. जनित्राचे पत्र्याचे कवच स्क्रूने आवळायला ती जागा ठेवलेली होती, आणि साचा तोच राहिल्यामुळे ती बोंडेही तशीच राहिली. एक्झॉस्टची दोन तोंडेही नेहमीच्या इंजिनासारखी बाहेरच्या बाजूंना फाकलेली नसून एकमेकांना समांतर, सरळ पुढे आलेली आहेत. अडगळीतून काही उचलायचे आणि त्याचे सोने करायचे, ही युद्धानंतरच्या ब्रिटिश कारखान्यांची रीतच होती; तिचे याहून ठळक उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

या सिलिंडरांचा मोटारसायकलवरचा पहिला डंका मात्र सान रेमोच्या आधीच वाजला होता. १९४६ च्या, आइल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स ग्रां प्री शर्यतीत भर पावसात अर्नी लायन्स यांनी मोठ्या गटाची शर्यत जिंकली ती फ्रेडी क्लार्क यांनी तयार केलेल्या टायगर १०० वर, आणि तिच्यावर जनित्राचेच सिलिंडर होते. म्हणजे एकाच शिलकी सामानातून एक वेगाची गाडी निघाली आणि दुसरी संयमाची. या प्रकरणातला खरा निर्णय धातूचा नसून त्या धातूचे काय करायचे याचा होता, तो इथे.

काय केले आणि काय टाळले

ट्रॉफीचे कॉम्प्रेशन ६ ला १ इतकेच ठेवले, तेही एकाच कार्ब्युरेटरवर. पूल पेट्रोलवर ठोके न मारता चालण्यासाठी ते आवश्यक होतेच, पण त्याहून मोठा फायदा आडवाटेवर होता. ट्रायम्फच्या जुळ्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एका सिलिंडरात स्फोट होतो. एकाच सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो. त्यामुळे अगदी कमी फेऱ्यांवर, जिथे एक सिलिंडरचे इंजिन धडधडत दम टाकण्याच्या बेतात येते, तिथे हे इंजिन सलग ओढत राहते. दगडावरून चाक उतरले, स्वाराने थ्रॉटल किंचित उघडले, की क्लचला हात न लावता गाडी पुढे सरकते.

हा गुण सगळ्यांनाच मान्य होता असे नाही. एका दिवसाच्या ट्रायल्समध्ये, म्हणजे चिखलातून पाय न टेकवता गाडी काढायच्या स्पर्धेत, जुने जाणते स्वार एकाच सिलिंडरची गाडी पसंत करत, आणि त्यांचे कारणही योग्य होते : दोन स्फोटांमध्ये जो क्षणाचा अवकाश मिळतो, तेवढ्यात मागचा टायर ओल्या मातीत पुन्हा पकड घेतो. जुळ्या इंजिनाची ओढ सलग, म्हणून ते चाक एकदा घसरायला लागले की घसरतच राहते. ट्रायम्फचे स्वार जिम अल्व्हिस जुळे इंजिन घेऊन ट्रायल्समध्येही उतरत, पण तो त्यांच्या हाताचा गुण अधिक होता. ट्रॉफीची खरी जागा निसरड्या घळीत नव्हती. दिवसभराच्या लांब, दगडी, मधूनच वेगाच्या वाटेवर होती.

बाकीची आखणी त्याला धरून झाली. चाकांमधले अंतर ५३ इंच, म्हणजे गाडी जागच्या जागी वळायला सोपी. पुढचे चाक २० इंचांचे आणि अरुंद, मागचे १९ इंचांचे आणि त्यावर ४ इंची जाड टायर. अडीच गॅलनची छोटी टाकी, गुडघे आत घेऊन उभे राहता यावे इतकी निमुळती. दोन्ही एक्झॉस्ट एकत्र करून डाव्या बाजूने वरून नेलेली एकच नळी, जेणेकरून ती दगडावर आपटू नये आणि ओढा ओलांडताना पाण्यात बुडू नये. गिअरमधली अंतरे रुंद ठेवली, त्यामुळे पहिला गिअर चढावर चालण्याइतका संथ आणि चौथा सडकेवर घरी पोहोचवणारा झाला. या सगळ्यातून कोरड्या, म्हणजे पेट्रोल-तेल न भरलेल्या, गाडीचे वजन भरले २९५ पौंड, म्हणजे सुमारे १३४ किलो. त्या काळच्या ५०० सीसीच्या जुळ्या गाडीसाठी हा आकडा फारच हलका होता.

एक बारीकशी गोष्ट मला या गाडीची खरी ओळख वाटते. तिचा हेडलाइट तारांसकट खोलून बसावे लागू नये अशा बेताने लावलेला होता. प्लग ओढून काढायचा, दिवा उतरवायचा, कुठे तरी सुरक्षित ठेवून द्यायचा. सकाळी अंधारात त्या दिव्याच्या उजेडात स्पर्धेच्या गावी पोहोचायचे, तो काढून दिवसभर दगडधोंड्यांत गाडी घालायची, आणि संध्याकाळी हात पुसून तो परत बसवून, त्याच गाडीवर घर गाठायचे. दुहेरी कामाची याहून साधी व्याख्या करता येणार नाही.

सान रेमो

सान रेमोला ट्रायम्फच्या संघात अल्व्हिस यांच्याबरोबर ॲलन जेफरीज आणि बर्ट गेमर होते. तिघांनी सुवर्णपदके मिळवली आणि उत्पादकांच्या संघाचे बक्षीस ट्रायम्फकडे आले. राष्ट्रीय संघांना दिल्या जाणाऱ्या मुख्य ट्रॉफीवरही त्या वर्षी ब्रिटननेच नाव कोरले. कंपनीने उशीर केला नाही : त्याच वर्षाच्या अखेरीस, पुढच्या हंगामासाठी, जवळजवळ त्याच घडणीची गाडी गिऱ्हाइकांसाठी जाहीर केली आणि तिचे नाव ‘ट्रॉफी’ ठेवले. पुढेही १९४९ आणि १९५० साली वेल्समधल्या लँड्रिंडॉड वेल्सला आणि १९५१ साली इटलीतल्या व्हारेसेला ब्रिटनच्या राष्ट्रीय संघानेच ती ट्रॉफी जिंकल्यामुळे हे नाव पोकळ ठरले नाही.

परंतु सान रेमोच्या त्याच आठवड्यात, त्याच वाटांवर, एका वेगळ्या ब्रिटिश गाडीने जी गोष्ट सिद्ध केली तिच्याकडे मेरिडनने पुरेसे लक्ष दिले नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय संघातले व्हिक ब्रिटन आणि चार्ली रॉजर्स रॉयल एनफील्डच्या नव्या ३५० सीसी बुलेटवर होते, आणि तिच्या मागच्या चाकाला बिजागरीवर वरखाली होणारे दांडे आणि तेलाचे दोन शॉकअब्सॉर्बर होते. ट्रॉफीची चासी मात्र मागे पूर्ण ताठ होती, सायकलसारखी. तोवर अनुभवी स्वारांची ठाम समजूत अशी होती की मागचे चाक ताठ असले तरच ते जमिनीला चिकटून राहते आणि स्वाराला खालची जमीन कळते. स्प्रिंगावर नाचणारे चाक ही रस्त्यावरच्या लोकांची चैन. त्या दोघांनी बुलेटवर सुवर्णपदके मिळवली आणि ही समजूत खोडून निघाली.

ट्रायम्फजवळ यावर उत्तर नव्हते असे नाही. जास्तीचे पैसे भरले तर चाकाच्या तुंब्यातच स्प्रिंगा कोंबलेला ‘स्प्रंग हब’ मिळत असे. चासी न बदलता झटके थोडे कमी करण्याची ती टर्नर यांची युक्ती हुशारीची होती, पण तिने चाकाचेच वजन वाढत असे, आणि चाक जितके जड तितके ते खड्ड्यात जास्त आदळते. आत दाबून भरलेल्या स्प्रिंगांमुळे तो हब उघडणे इतके धोक्याचे होते की आजही जुन्या गाड्या दुरुस्त करणारे त्याला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करतात. ट्रॉफीला बुलेटसारखी मागची रचना मिळाली ती १९५५ साली. या प्रकरणातली चूक शोधायचीच असेल तर ती या मधल्या सहा वर्षांत शोधावी, असे माझे मत आहे. बुलेटची पुढची कथा आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. १९५५ पासून ती मद्रासला जुळू लागली आणि तिची ती मागची रचना आपल्या घाटांतून आजही चालते आहे.

मोठे होण्याची किंमत

निर्यातीचा हेतू मात्र पुरता साधला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शेकडो मैलांच्या मोकळ्या शर्यती होत असत, आणि तिथल्या स्वारांना ट्रायम्फचे जुळे इंजिन फार मानवले. पण वाळवंटाची गरज वेल्सच्या डोंगरापेक्षा निराळी होती. तिथे संथ ओढीपेक्षा वाळूतून गाडी उचलून नेणारी ताकद हवी होती, आणि ज्या बाजारातून डॉलर येत होते त्याचेच ऐकले गेले. १९५६ सालासाठी ६४९ सीसीची टीआर-६ ट्रॉफी आली. तिचे कॉम्प्रेशन साडेआठ ला एक होते आणि ताकद ४२ अश्वशक्तीची. वजन मात्र साडेतीनशे पौंडांच्या पुढे गेले. नाव तेच राहिले, उंचावरून नेलेला सायलेन्सरही अनेक गाड्यांवर राहिला, आणि अमेरिकेत अशा गाड्यांना ‘डेझर्ट स्लेड’, म्हणजे वाळवंटातली घसरगाडी, असे कौतुकाचे नाव पडले. ५०० सीसीची टीआर-५ दोन-तीन वर्षांतच यादीतून गेली. आता इंधन बरे मिळत होते, टंचाई संपली होती, आणि कमी ताकदीत समाधान मानायचे कारणच उरले नव्हते.

या बदलाची किंमत १९६४ साली पूर्व जर्मनीतल्या एरफुर्ट येथे दिसली. सहा दिवसांच्या चाचणीत अमेरिकेचा अधिकृत संघ प्रथमच उतरला होता, आणि त्याच्या गाड्या मेरिडनलाच तयार झालेल्या, ६५० आणि ५०० सीसीच्या ट्रायम्फ होत्या. संघात सिनेनट स्टीव्ह मॅक्विन होते, आणि त्यांचे मित्र, वाळवंटातल्या शर्यतींचे नामांकित स्वार बड एकिन्सही होते. तिसऱ्या दिवशी दोघेही पडले आणि बाहेर गेले. एकिन्स यांचा पाय मोडला. त्याच संघातले डेव्ह एकिन्स आणि क्लिफ कोलमन यांनी सुवर्णपदके मिळवली, म्हणजे गाडी अगदीच हरली असे म्हणता येत नाही. पण मुख्य ट्रॉफी पूर्व जर्मनीच्या संघाने नेली, तीही एमझेडच्या छोट्या, हलक्या, दोन स्ट्रोकच्या गाड्यांवर. ओल्या जंगलातल्या अरुंद वाटेवर पडलेली जड गाडी पुन्हा उभी करणे, तेही दिवसातून कितीदा, यातच माणूस थकतो. सोळा वर्षांपूर्वी सान रेमोला व्हेल यांनी पौंड-पौंड वाचवून जो फायदा मिळवला होता, तो एरफुर्टला दुसऱ्याच देशाच्या हाती होता.

मेरिडनचा कारखाना १९८३ साली कायमचा बंद झाला. नाव विकत घेऊन हिंक्ली येथे नव्याने उभी राहिलेली ट्रायम्फ ही वेगळी कंपनी आहे, आणि तिची स्क्रॅम्बलर ४०० एक्स ही आडवाटेचा वारसा सांगणारी गाडी २०२३ पासून पुण्याजवळच्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार होते. एकच सिलिंडर, ३९८ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती, आणि पुढे १९ इंची चाक. पेट्रोलसकट तिचे वजन १८० किलोच्या घरात जाते. जुन्या ट्रॉफीचा १३४ किलोचा आकडा कोरड्या गाडीचा असला तरी फरक मोठाच राहतो. त्यातला बराचसा फरक रेडिएटर, एबीएस आणि धूर गाळणाऱ्या सायलेन्सरचा आहे, आणि तो कोणीही टाळू शकणार नाही. तिचा हेडलाइट प्लग ओढून उतरवता येत नाही, आणि एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंदही करता येत नाही.